भिंतीवरची गाळाची रेघ : एक वादळ, एक घर, एक गाडी आणि दोन क्लेम

दादाच्या हॉलच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण दोन फुटांवर एक तपकिरी रेघ आहे, म्हणजे होती, आता रंग दिलाय. पाणी ओसरलं तेव्हा गाळ जिथपर्यंत पोचला होता तिथे ती उमटली. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तेव्हा त्याने आधी टेप काढून ती रेघ मोजली, चारही भिंतींवर मोजली, फोटो काढले आणि मग म्हणाला की या रेघेच्या खालचं वेगळं लिहितो आणि वरचं वेगळं. आम्हाला तेव्हा काही कळलं नाही. आमच्या दृष्टीने एक रात्र होती, एक वादळ होतं आणि एक नुकसान होतं. विम्याच्या कागदांत मात्र त्या एका रात्रीचे चार तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा शब्द लागला. पुढचे चार महिने मी दादा आणि वहिनीबरोबर बसून ते कागद ओळ न् ओळ वाचले, त्यातलं जे कळलं ते सगळं लिहितोय, कारण हे शब्द बहुतेक जण नुकसान झाल्यावरच पहिल्यांदा वाचतात, आम्हीही तसेच.

आकडे खरे देत नाही, प्रमाण तेवढं खरं ठेवतो. घर आज आहे तसं पुन्हा बांधायला लागणारा खर्च १०० धरा. गाडीसाठी वेगळं, तिची पॉलिसीत लिहिलेली किंमत १०० धरा.

काय झालं ते आधी. रात्री ११ च्या सुमारास वाऱ्याने आवारातलं मोठं झाड मोडलं. एक जाड फांदी वरच्या खोलीच्या छपरावर पडली, छप्पर फुटलं, पाऊस आत यायला लागला आणि वरच्या खोलीतून झिरपत हॉलच्या छतातून खाली गळायला लागला. झाडाचं खोड शेजारच्या काकांच्या कुंपणाच्या भिंतीवर गेलं, ती पडली. मग पहाटे ३ च्या आसपास बाहेरचं पाणी चढलं आणि दारातून घरात शिरलं. पोर्चमधली गाडी सीटपर्यंत पाण्यात. सकाळी पाणी जरा उतरल्यावर दादाने गाडी उंचावर न्यायची म्हणून चावी फिरवली. एकदा खडखड असा आवाज आला आणि बंद. ती चावी पुढे फार महाग पडली, त्यावर नंतर येतो.

दोन पॉलिसी होत्या, घराची एक आणि गाडीची एक. दोन्हींचं शेड्यूल, म्हणजे ते पहिलं पान जिथे नाव, पत्ता, रक्कम, मुदत असते, ते दादाने पाहिलेलं होतं. त्यामागची वीस-पंचवीस पानं कोणी उघडली नव्हती. शेड्यूल सांगतं किती रकमेचा विमा आहे. कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल नाही ते मागच्या पानांत असतं, व्याख्या, अपवाद आणि अटी या तीन ठिकाणी. माझं स्पष्ट मत आहे की वाचायला सुरुवात अपवादांपासून करावी, कारण 'काय मिळेल' चं पान सगळ्यांचं जवळजवळ सारखंच दिसतं, फरक सगळा अपवादांत असतो.

आता ती रेघ. दादाच्या घराच्या पॉलिसीत वादळ हा धोका कव्हर होता, पूर नव्हता. पूर हे वेगळं जोडकव्हर होतं, त्याचा प्रीमियम वेगळा होता आणि ते घेतलेलं नव्हतं. सगळीकडे असंच असतं असं नाही, काही देशांत घराच्या साध्या पॉलिसीत पूर धरलेला असतो, पण अमेरिकेत तर खाजगी कंपन्या पुराची जोखीम घ्यायला तयार होईनात म्हणून १९६८ साली सरकारला कायदा करून वेगळी पूर विमा योजना काढावी लागली. कारण सरळ आहे. आग एका घराला लागते, पूर अख्ख्या वस्तीत एकाच दिवशी येतो, म्हणजे सगळ्यांचे क्लेम एकदम, आणि ज्यांची घरं उंचावर आहेत ते हे कव्हर घेतच नाहीत, घेणारे सगळे धोक्यातलेच. म्हणून 'पाण्याने नुकसान झालं' एवढं म्हणून काही होत नाही. पाणी वरून आलं की खालून, छप्पर फुटून आलं की जमिनीवरून वाहत आलं की घरातला पाइप फुटून आलं, हे तीन वेगळे धोके आहेत आणि पॉलिसीत त्यांची तीन वेगळी उत्तरं असू शकतात.

तर सर्व्हेअरच्या हिशेबात रेघेच्या वर जे भिजलं ते छतातून आलेल्या पाण्याने, म्हणजे वादळ, म्हणजे मान्य. रेघेच्या खालचं ते पूर, म्हणजे अमान्य. हॉलमध्ये एक पुस्तकांचं कपाट आहे, पाच खणांचं. खालचे दोन खण नामंजूर आणि वरचे तीन मंजूर. आणि कपाट स्वतः? ते खालून फुगलं होतं आणि वरूनही त्याच्या मागच्या प्लायला फोड आले होते. त्या एका कपाटावर दोन आठवडे ईमेल चालू होते.

इथे जो शब्द कामाला आला तो म्हणजे निकटचं कारण, प्रॉक्झिमेट कॉज. निकटचं म्हणजे वेळेने शेवटचं असं लोकांना वाटतं पण तसं नाही, ज्याचा जोर सर्वांत जास्त ते कारण. यावरचा गाजलेला निकाल ब्रिटनमधला १९१८ चा आहे. पहिल्या महायुद्धात १९१५ साली इकारिया नावाच्या जहाजाला टॉर्पेडो लागला, ते कसंबसं फ्रान्समधल्या ल आव्र बंदरात आणलं, मग वाऱ्यामुळे ते धक्क्यावर आपटायला लागलं म्हणून दुसऱ्या जागी हलवलं, तिथे ओहोटी-भरतीला तळाशी टेकत टेकत शेवटी मोडून बुडालं. पॉलिसीत समुद्राचे धोके कव्हर होते पण युद्धाचे परिणाम वगळलेले. मालक म्हणाले जहाज वाऱ्या-लाटांनी बुडालं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की नाही, टॉर्पेडोची जखम शेवटपर्यंत जहाजावर होतीच, खरं कारण तेच, आणि पैसे मिळाले नाहीत. हे वाचल्यावर मला आमचं कपाट नीट दिसायला लागलं. वादळ आधी आलं म्हणून पुढचं सगळं वादळाचं असं म्हणता येत नव्हतं, कारण पूर छप्पर फुटल्यामुळे आला नव्हता, तो स्वतंत्रपणे आला होता. आणि कंपनीलाही सगळं पुरावर ढकलता येत नव्हतं, कारण छतातून गळायला सुरुवात झाली तेव्हा पूर नव्हताच.

आता हे सिद्ध कशाने झालं तर वहिनीच्या फोनने. रात्री ११:४० ला तिने तिच्या बहिणीला फोटो पाठवला होता, 'बघ काय झालं' एवढंच लिहून. त्या फोटोत हॉलचं छत गळतंय, कपाटाच्या वरच्या फळीवर पाणी साचलंय आणि खाली फरशी ओली आहे पण पाणी उभं नाहीये. वेळ फोटोवरच होती. तो फोटो पाठवल्यावर कपाट अर्धं मान्य झालं आणि रेघेवरच्या वस्तूंवर पुढे प्रश्न आला नाही. सगळ्याच पॉलिसींत इतकं सरळ झालं नसतं. काहींमध्ये अपवादाच्या आधी एक वाक्य असतं, 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, अन्य कोणत्याही कारणासोबत एकाच वेळी किंवा मागेपुढे' अशा धाटणीचं. त्या वाक्याचा अर्थ असा की वगळलेलं कारण थोडं जरी मिसळलं असेल तरी सगळंच वगळलं. दादाच्या पॉलिसीत ते वाक्य नव्हतं. तुमच्यात आहे का ते आजच बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

अजून एक. सकाळी दादा सगळं भिजलेलं सामान बाहेर फेकायला निघाला होता, घाण वास येत होता, साहजिक आहे. वहिनीने थांबवलं. पॉलिसीत दोन अटी शेजारी शेजारी असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात: नुकसान वाढू नये म्हणून वाजवी प्रयत्न करा, आणि सर्व्हेअरने पाहीपर्यंत काही टाकू नका. दोन्ही पाळायच्या. फुटलेल्या छपरावर ताडपत्री टाकायची, तिची पावती ठेवायची (तो खर्च मिळाला), ओलं सामान कोरड्या जागी हलवायचं, पण फेकायचं नाही, आणि अगदी सडणारं असेल तर फोटो काढून, यादी करून, कंपनीला ईमेलवर कळवून मगच टाकायचं.

आता पैशाचा सगळ्यात मोठा फटका, जो दादाला अजून बोचतो. छप्पर, छत, वायरिंग, वरची खोली मिळून इमारतीचं वादळाचं नुकसान सर्व्हेअरने २० धरलं. पॉलिसीची रक्कम, सम इन्शुअर्ड, ६० होती. दादाचं गणित सोपं होतं, ६० चा विमा आहे, नुकसान २० झालं, ६० च्या आतच आहे, म्हणजे २० मिळणार. प्रत्यक्षात १० मिळाले.

ते कसं ते सांगतो. ही ६० कुठून आली होती तर गृहकर्जातून. सहा वर्षांपूर्वी कर्ज देणाऱ्या बँकेने कर्जाच्या रकमेएवढा विमा घ्यायला लावला आणि तोच आकडा दरवर्षी रिन्यू होत राहिला. आता कर्जाची रक्कम म्हणजे बँकेचा किती पैसा अडकलाय तो आकडा, घर पुन्हा बांधायला किती लागेल त्याच्याशी त्याचा संबंध नाही. तसाच घराच्या बाजारभावाचाही नाही, कारण बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही की वाहून जात नाही (बहुतेक वेळा तरी). विमा काढायचा तो पुनर्बांधणीच्या खर्चावर, म्हणजे तेवढ्याच क्षेत्रफळाचं, त्याच दर्जाचं बांधकाम आज करायला काय लागेल, मलबा हटवणं आणि आर्किटेक्टची फी धरून. सर्व्हेअरने क्षेत्रफळ मोजून तो खर्च काढला, १०० आला. त्यात १५ तर चार वर्षांपूर्वी बांधलेली वरची खोलीच होती, जी पॉलिसीत कुठेच नव्हती. बाकी वाढ मजुरी आणि सामान महाग झाल्याची.

म्हणजे १०० च्या घराचा ६० चा विमा. याला म्हणतात अंडरइन्शुरन्स, अपुरा विमा, आणि पॉलिसीत ॲव्हरेज क्लॉज नावाची अट असेल तर नुकसानभरपाई त्याच प्रमाणात कापतात. उरलेल्या ४० टक्क्यांचा विमा देणारे तुम्ही स्वतः, असं धरतात. २० गुणिले ६० भागिले १००, आले १२. त्यातून डिडक्टिबल २, म्हणजे प्रत्येक क्लेममधला पहिला ठरलेला हिस्सा जो तुम्हीच सोसायचा. उरले १०. यात क्रमालाही किंमत आहे, आधी डिडक्टिबल वजा केलं असतं तर १८ चे ६० टक्के, म्हणजे १०.८ आले असते. आमच्या पॉलिसीत आधी ॲव्हरेज असं स्पष्ट लिहिलं होतं म्हणून तिथे वाद घातला नाही.

दादा तेव्हा खूप चिडला, 'सहा वर्षं हप्ता घेतला तेव्हा नाही सांगितलं.' त्याचं चुकीचं नाही. पण कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. बहुतेक नुकसान अर्धवटच असतं, अख्खं घर क्वचित जातं. मग प्रत्येकाने निम्म्या रकमेचाच विमा काढला तरी छोटे-मध्यम क्लेम पूर्ण मिळाले असते, हप्ता निम्मा भरून, आणि जो इमानदारीने पूर्ण रकमेचा हप्ता भरतो त्याच्यावर तो बोजा पडला असता. ही अट सगळीकडे सारखी कडकही नसते. काही पॉलिसींत पुनर्बांधणी खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत विमा असेल तर कपात लावतच नाहीत, काहींत घरांसाठी ती अट माफच असते. दादाची रक्कम ८० असती आणि ही ८० टक्क्यांची सवलत असती तर त्याला १८ मिळाले असते. म्हणून आपल्या पॉलिसीत 'ॲव्हरेज', 'अंडरइन्शुरन्स', 'प्रमाणशीर कपात' यातला कुठला शब्द आहे का हे शोधणं, मला विचाराल तर प्रीमियमची तुलना करण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

वरच्या खोलीवरून एक वेगळी भीतीही होती. विम्याचा करार हा पूर्ण विश्वासाचा करार मानतात, अटमोस्ट गुड फेथ. हे तत्त्व मांडलं इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली, सुमात्रातल्या मार्लबरो किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात. त्यांचं म्हणणं असं की जोखमीच्या खास गोष्टी बहुतेक वेळा विमा घेणाऱ्यालाच ठाऊक असतात, कंपनी त्याच्या शब्दावर चालते, म्हणून त्याने लपवायचं नाही. गंमत म्हणजे, त्या खटल्यात हरली विमा देणारी बाजूच, कारण जे तिला माहीत होतं किंवा सहज कळलं असतं ते 'लपवलं' असं तिला म्हणता येणार नव्हतं. पुढे ब्रिटनने २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकांसाठी हे सौम्य केलं, आता तिथे ग्राहकाने स्वतःहून सगळं सांगत बसायचं नसून विचारलेल्या प्रश्नांची वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरं द्यायची असतात. दादाच्या पॉलिसीत बांधकामात बदल केला तर कळवा अशी अट होती. कंपनीने लेखी विचारलं, खोली कधी बांधली आणि का कळवलं नाही. मी दादाला एवढंच म्हटलं की आहे ते तसंच लिही, तारीख लिही, परवानगीच्या कागदाची प्रत लाव, आणि माहीत नव्हतं तर माहीत नव्हतं असं लिही. त्यांनी ते जाणूनबुजून लपवलं असं धरलं नाही, फक्त रकमेत कमी विमा म्हणून धरलं. खोटी तारीख लिहिली असती तर ते १० पण गेले असते.

घरातल्या सामानाचं थोडक्यात सांगतो. त्याची रक्कम इमारतीपेक्षा वेगळी असते आणि भरपाईची पद्धतही वेगळी असू शकते. दादाच्या इमारतीला नव्याने करण्याचा खर्च होता पण सामानाला झीज वजा करून. म्हणजे सोफा आठ वर्षांचा, त्याचं आयुष्य दहा धरलं, म्हणून आजच्या नव्या सोफ्याच्या किमतीच्या २० टक्के. दोन वर्षांचा टीव्ही भिंतीवर उंच होता, छतातल्या पाण्याने गेला, त्याला बरे मिळाले. 'नव्याबद्दल नवं' असं कव्हर मिळतं, हप्ता जास्त असतो, आणि बरेचदा त्यात आधी झीज वजा रक्कम देतात, वस्तू खरोखर घेतल्याची पावती दाखवली की उरलेली. दागिने, घड्याळं, कॅमेरा यांना बहुधा वेगळी आतली मर्यादा असते, एकूण रक्कम कितीही मोठी असली तरी. वहिनीचे दागिने सुरक्षित होते म्हणून ते पान आम्ही तेव्हा फक्त वाचलं.

आता गाडी. गाडीच्या विम्याचे दोन भाग नीट वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते. बहुतेक देशांत कायद्याने सक्तीचा असतो तो हाच भाग, ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने तो देशभर सक्तीचा झाला, आणि तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या रक्षणासाठी आहे, तुमच्या गाडीसाठी त्यात काहीच नाही. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी, आणि तिसरी म्हणजे बाकी कुणीही. स्वतःच्या गाडीचं नुकसान हा वेगळा भाग, दोन्ही मिळून जी असते तिला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह या नावामुळे लोकांना वाटतं की आता सगळंच आलं. दादालाही तेच वाटलं होतं.

गाडीत पूर कव्हर होता (हो, तेच पाणी, घरात अमान्य आणि पोर्चमधल्या गाडीत मान्य, कारण करार दोन वेगळे). गॅरेजचं एस्टिमेट ७५ आलं. सीट, वायरिंग, कार्पेट, इलेक्ट्रॉनिक्स असं ३५ आणि इंजिन ४०. ३५ बद्दल प्रश्न नव्हता. ४० पूर्ण नाकारले.

इंजिनात काय होतं ते मेकॅनिकने उघडून दाखवलं तेव्हा कळलं. सिलिंडरमध्ये पिस्टन वर जाताना हवा आणि इंधन दाबलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असताना चावी फिरवली की पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. आमचा वाकलेला रॉड त्याने चांगल्या रॉडच्या शेजारी टेबलावर ठेवला होता, नुसत्या डोळ्यांनीही फरक दिसत होता. गाडी नुसती पाण्यात उभी राहिली असती तर रॉड वाकला नसता. म्हणून कंपनी म्हणाली हे पुराचं नुकसान नाही, पुरानंतर तुम्ही केलेल्या कृतीचं परिणामी नुकसान आहे, कॉन्सिक्वेन्शियल लॉस, आणि ते वगळलेलं आहे. असं इंजिन वाचवणारं जोडकव्हर काही ठिकाणी मिळतं, आमच्याकडे ते नव्हतं.

दादाने सर्व्हेअरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी चावी फिरवली. दोन-तीन जण नंतर म्हणाले की सांगायचंच नाही. मला ते पटत नाही, वाकलेला रॉड तसंही सगळं सांगतो, आणि खोटं पकडलं गेलं की उरलेले ३५ पण धोक्यात. पण खरं सांगितलं म्हणून पूर्ण ४० सोडून द्यायचे असंही नाही. आम्ही गॅरेजकडून इंजिनाच्या एस्टिमेटचे दोन भाग करून घेतले. चावी फिरवली नसती तरी जे करावंच लागलं असतं ते एका कागदावर, म्हणजे इंजिन उतरवून पाणी काढणं, तेल आणि फिल्टर बदलणं, सेन्सर, स्टार्टर, अल्टरनेटर. आणि चावीमुळे जे गेलं ते दुसऱ्या कागदावर, रॉड, पिस्टन, ब्लॉकचं काम. पहिला भाग १४ झाला, दुसरा २६. पत्रात फक्त एवढंच विचारलं की हे १४ नाकारण्याचा अपवाद पॉलिसीच्या कुठल्या कलमात आहे ते कळवा. तीन आठवड्यांनी १४ मान्य झाले. सगळ्या चार महिन्यांत इतका उपयोगी प्रश्न दुसरा नव्हता. 'कुठलं कलम' असं लेखी विचारा, फोनवर नाही.

तर ३५ अधिक १४, मान्य ४९. त्यातून बदललेल्या पार्टची झीज ११ गेली, कारण जुन्या पार्टच्या जागी नवा बसतो आणि प्लास्टिक, रबर अशा भागांवर घसारा जास्त लावतात. डिडक्टिबल ३ गेलं. हातात ३५. एस्टिमेट ७५ चं, म्हणजे ४० दादाच्या खिशातून.

मधे दादा म्हणत होता की ७५ म्हणजे जवळजवळ गाडी गेलीच, टोटल लॉस करा, मला १०० द्या. टोटल लॉस म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या इतका जवळ जातो की दुरुस्त करण्यात अर्थ नाही, किती टक्क्यांवर ते पॉलिसी किंवा तिथला कायदा ठरवतो. पण कंपनीने मान्य नुकसान धरलं, ४९, एस्टिमेट नाही. आणि टोटल लॉस झालं असतं तरी पूर्ण १०० हातात येतात असं नाही, डिडक्टिबल जातं, आणि मोडकी गाडी, सॅल्व्हेज, कंपनीकडे द्यावी लागते किंवा ठेवायची असेल तर तिची किंमत वजा होते. शिवाय ते १०० म्हणजे शोरूमची किंमत नाही, पॉलिसीच्या सुरुवातीला ठरलेली घसारा वजा केलेली किंमत. हप्ता कमी व्हावा म्हणून ती किंमत मुद्दाम कमी लिहून घेणारे आहेत, त्यांना हे त्या दिवशी कळतं. दादाची नो क्लेम सवलत, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही गेली, पण एवढ्या मोठ्या क्लेमपुढे तो विचार करण्यात अर्थ नव्हता. डिडक्टिबलच्या जरासंच वरचं छोटं नुकसान असेल तर मात्र आधी हा हिशेब मांडायचा.

राहिली काकांची भिंत. हा भाग पैशाने सर्वांत छोटा आणि मनाने सर्वांत अवघड. काका सकाळी आले, 'अरे, तुझ्या झाडाने माझी भिंत पाडली.' दादा बोलणारच होता की मी भरून देतो काका, वर्षानुवर्षांचे शेजारी आहेत. पण घराच्या पॉलिसीत लायबिलिटीचा भाग होता, दुसऱ्याप्रती जबाबदारीचा, आणि त्यात अट होती की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे देण्याचं वचन द्यायचं नाही. दादाने काकांना सरळ सांगितलं, 'काका, मी आत्ता हो किंवा नाही म्हटलं तर दोघांचंही नुकसान होईल, मला कंपनीला कळवू द्या.' त्यांना ते आवडलं नाही, आठवडाभर बोलले नाहीत.

झाड तुमचं म्हणून जबाबदारी आपोआप तुमची असं नसतं. निरोगी झाड वादळात पडलं तर साधारणपणे ती कोणाचीच चूक धरत नाहीत आणि ज्याचं नुकसान झालं तो आपल्या स्वतःच्या पॉलिसीतून घेतो. झाड कुजलंय हे तुम्हाला माहीत होतं, कुणी बजावलं होतं आणि तुम्ही काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा आणि मग जबाबदारी येते. काकांनी दोन महिन्यांपूर्वी मेसेज केला होता, 'ती वाळकी फांदी बघ जरा'. तो मेसेज काकांच्या फोनवर होता. दादाने तेव्हा झाड छाटून घेतलं होतं आणि त्याची पावती वहिनीच्या फाइलमध्ये सापडली, तारखेसकट.

काकांनी त्यांच्या पॉलिसीतून क्लेम केला, त्यांना पैसे मिळाले, आणि मग दीड महिन्याने त्यांच्या कंपनीचं पत्र दादाला आलं. दादाला वाटलं काकांनी केस केली. तसं नव्हतं, हे सब्रोगेशन. कंपनीने तुम्हाला पैसे दिले की दोषी माणसाकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. त्यामागचा विचार हा की विमा नुकसान भरून देण्यासाठी आहे, त्यातून फायदा व्हायला नको. १८८३ च्या इंग्लंडमधल्या एका निकालात हे छान दिसतं: घर विकण्याचा करार झाला, ताबा देण्याआधी आग लागली, विकणाऱ्याला विम्याचे पैसे मिळाले आणि नंतर घेणाऱ्याने ठरलेली पूर्ण किंमतही दिली. कोर्टाने विम्याचे पैसे परत करायला लावले, नाहीतर त्याला एकाच घराचे दोनदा मिळाले असते. काकांच्या बाबतीत त्यांची कंपनी फक्त तपासत होती की दादाची चूक आहे का. दादाने त्या पत्राला स्वतः उत्तर दिलं नाही, ते आपल्या कंपनीकडे पाठवलं, सोबत छाटणीची पावती. त्यांनी ती पुढे पाठवली आणि वसुलीची मागणी आली नाही. काकांना मी ते पत्र दाखवून समजावलं की हे तुमच्या नावाने असलं तरी तुम्ही केलेलं नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं, त्यांनाही वाईट वाटत होतं.

इमारतीचे पैसे आले तेव्हा चेकवर दादाच्या नावाबरोबर बँकेचंही नाव होतं, कारण कर्ज चालू आहे आणि पॉलिसीत बँकेचा हितसंबंध नोंदलेला आहे. ते सोडवायला अजून बारा दिवस गेले.

गेल्या महिन्यात घराची पॉलिसी रिन्यू झाली. फॉर्म वहिनीने भरला. 'मागील नूतनीकरणानंतर बांधकामात काही बदल?' या रकान्यात तिने वरच्या खोलीचं क्षेत्रफळ, बांधल्याचं वर्ष आणि नव्या छपराचं सामान असं सगळं लिहिलं, रकाना पुरला नाही म्हणून वेगळा कागद जोडला. रक्कम ६० ची ११० केली, पुराचं जोडकव्हर घेतलं, आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत केलेल्या बदलाचा सहीचा कागद, आल्याशिवाय शेवटचा हप्ता ऑनलाइन भरणार नाही म्हणून बसली. तो कागद चौथ्या दिवशी आला, त्यात खोलीचं क्षेत्रफळ चुकीचं टाइप झालं होतं, तो परत पाठवला, दुसरा बरोबर आला, मग तिने पैसे भरले आणि तो छाटणीच्या पावतीच्या फाइलमध्ये लावला.